जेलच्या /डेव्हमध्ये काय दिसावं, काय दिसू नये

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात रवानगीच्या खोलीत वजनकाटा आहे. त्याची यूएसबी केबल भिंतीपलीकडच्या सर्व्हरला जाते. सर्व्हरवर फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली कार्यप्रणाली चालते आणि वजन वाचून चलन छापणारा प्रोग्राम एका जेलमध्ये, म्हणजे बाकी सर्व्हरपासून तोडलेल्या कप्प्यात, बंद आहे. शेजारच्या दुसऱ्या जेलमध्ये हिशेब. मालकांचं म्हणणं एका वाक्याचं होतं: काट्याचा प्रोग्राम कुणी फोडला तरी हिशेबाला धक्का लागता कामा नये. संगणकाच्या भाषेत याचा अर्थ असा, की काट्याच्या जेलला काट्याची केबल दिसावी, पण सर्व्हरची डिस्क दिसू नये.

काम अर्ध्या तासाचं आहे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा तीन दिवस लागले, आणि त्यातला दीड दिवस डिस्क जेलमध्ये उघडी पडलेली होती. कुठलीही चूक पडद्यावर आली नव्हती. म्हणून इथे पायऱ्या देतोच, पण जास्त वेळ घालवणार आहे तो हे सगळं मुकाट्याने कुठे फसतं त्यावर.

आधी लिखाणाबद्दल एक खुलासा. आज्ञा आणि फायलींची नावं मी देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं वापरून टंकायची. डेव्हएफएस म्हणजे डी-ई-व्ही-एफ-एस ही पाच अक्षरं. अपवाद एकच: यूएसबी सिरियल पोर्टचं नाव. ते मी 'सीयूएयू०' असं लिहिलं आहे. त्यातली सी-यू-ए लहान, शेवटचा यू मोठा आणि मग आकडा.

मुळात भानगड काय आहे

युनिक्समध्ये उपकरण म्हणजे फाइल. डिस्क, सिरियल पोर्ट, यादृच्छिक आकड्यांचा स्रोत, सगळं /डेव्हखाली. पूर्वी या फायली हाताने किंवा 'मेकडेव्ह' नावाच्या स्क्रिप्टने बनवायच्या. फ्रीबीएसडी ५.० मध्ये, म्हणजे जानेवारी २००३ मध्ये, डेव्हएफएस ही फाइलप्रणाली कायमची आली आणि /डेव्ह कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, स्वतःच भरू लागलं. केबल लावली की फाइल हजर, काढली की गायब. सोय मोठी, पण तिच्या पोटात एक अडचण. जेलसाठी वेगळं डेव्हएफएस जोडलं तर त्यातही कर्नल सगळंच वाढून ठेवतं. पंगतीत बसलेल्याला काय चालतं हे वाढपी विचारत नाही.

जेल त्याआधीच, मार्च २००० मध्ये फ्रीबीएसडी ४.० बरोबर आलं होतं. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समधलं सीएचरूट फक्त फाइलींचा डोलारा बदलायचं. आतला रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, तरीही पुरता रूट असायचा. जेलने त्या रूटचे हात बांधले. तो कर्नलचे मॉड्यूल चढवू शकत नाही, एमकेनॉडने नवी उपकरण-फाइल बनवू शकत नाही. पण त्याचा युजर क्रमांक अजूनही ० आहे. त्याला डिस्कची फाइल *दिसली*, तर तिच्यावरच्या परवानग्या त्याला अडवत नाहीत. तो कच्ची डिस्क थेट वाचून होस्टच्या, म्हणजे जेलं ज्यावर चालतात त्या मूळ सर्व्हरच्या, फायली बघेल आणि जेलच्या भिंती नुसत्या रेखाटलेल्या राहतील.

जुन्या वाड्यात बिऱ्हाडकरूला खोली भाड्याने दिली म्हणजे तिजोरीच्या खोलीचं दार त्याच्या पडवीत उघडायचं नसतं. कुलूप चांगलं असून उपयोग नाही. दारच तिकडे नको. फ्रीबीएसडीत हे दार म्हणजे फाइलचं दिसणं. दिसणं आणि वापरता येणं यांच्यामध्ये दुसरा पहारेकरी नाही.

सरकारी नियमसंच आधी वाचा

नवं काही लिहिण्याआधी प्रणालीबरोबर काय येतं ते बघा. फाइल आहे /ईटीसी/डिफॉल्ट्स/डेव्हएफएस.रूल्स. तिला हात लावायचा नाही, फक्त वाचायची. तिच्यात क्रमांकासह नियमसंच आहेत. १ सगळं झाकतो. २ मूलभूत गोष्टी उघडतो: नल (जे टाकलं ते गिळणारी फाइल), झीरो, क्रिप्टो, रँडम, यूरँडम. ३ लॉगिनला लागणाऱ्या गोष्टी उघडतो, म्हणजे पीटीएस, एफडी, एसटीडीइन वगैरे. ४ हा जेलसाठीचा; तो आधीचे तिन्ही समाविष्ट करून वर फ्यूज आणि झेडएफएस उघडतो. ५ हा व्हीनेट जेलसाठी, म्हणजे ज्या जेलला स्वतःचं स्वतंत्र नेटवर्क आहे अशांसाठी. त्यात पीएफ, म्हणजे फायरवॉल, जास्तीचं.

चालू असलेल्या यंत्रावर होस्टमधून पाहायचं तर:

डेव्हएफएस रूल शोसेट्स
डेव्हएफएस रूल -एस ४ शो

दुसऱ्या आज्ञेचं उत्तर १००, २००, ३०० अशा क्रमांकांनी येतं. मध्ये जागा सोडलेली असते, म्हणजे नंतर एखादा नियम १५० वर घुसवता येतो. नियम वरून खाली चालतात आणि नंतरचा आधीच्याला मोडतो. म्हणून 'सगळं झाका' नेहमी पहिला. तो शेवटी टाकलात तर जेलमध्ये नलसुद्धा उरणार नाही, आणि मग प्रत्येक स्क्रिप्ट इतक्या चमत्कारिक तऱ्हेने मरते की माणूस उपकरणं सोडून सगळीकडे शोधत बसतो.

संच ० हा कायम रिकामा असतो. तो बदलता येत नाही, शोसेट्सच्या यादीतही दिसत नाही. रिकामा संच म्हणजे काहीच झाकलेलं नाही. हे डोक्यात पक्कं ठेवा: या यंत्रणेत *नियम नसणं म्हणजे सगळं उघडं असणं*. फायरवॉलच्या सवयीने आपल्याला वाटतं, काही सांगितलं नाही तर बंदच असेल. इथे उलट आहे.

आपला संच लिहिणं

आपले नियम /ईटीसी/डेव्हएफएस.रूल्स या फाइलमध्ये जातात. ती नसेल तर बनवा. मी काट्यासाठी १० क्रमांक घेतला. ० ते ५ सोडून काहीही चालेल, मी मुद्दाम अंतर ठेवतो.

[डेव्हएफएसरूल्स_काटा=१०]
अ‍ॅड इन्क्लूड $डेव्हएफएसरूल्स_हाइड_ऑल
अ‍ॅड इन्क्लूड $डेव्हएफएसरूल्स_अनहाइड_बेसिक
अ‍ॅड इन्क्लूड $डेव्हएफएसरूल्स_अनहाइड_लॉगिन
अ‍ॅड पाथ 'सीयूएयू०*' अनहाइड

आता माझी चूक. मी पहिल्यांदा तीन इन्क्लूडच्या जागी एकच ओळ लिहिली होती: संच ४ समाविष्ट करा. तर्क सरळ होता. ४ मध्ये झाकणं, मूलभूत, लॉगिन सगळं आहेच, मग तेच पुन्हा कशाला लिहायचं? जेल चालू झालं, काटा दिसला, वजन आलं, मालकांनी चहा पाजला. दुसऱ्या दिवशी दुपारी सहज म्हणून जेलमध्ये शिरून /डेव्हची यादी काढली तर तिथे एडीए० आरामात बसलेली. सर्व्हरची पहिली डिस्क.

घोडं पेंड खात होतं ते इन्क्लूड एकात एक किती खोल जातात तिथे. कर्नल इन्क्लूडच्या आतले इन्क्लूड किती पातळ्यांपर्यंत पाळतं हे व्हीएफएस.डेव्हएफएस.रूल_डेप्थ हा सिस्टिमकंट्रोल ठरवतो, आणि त्याची मूळ किंमत १ आहे. माझ्या १० ने ४ ला बोलावलं, ही पहिली पातळी. ४ ने १, २, ३ ला बोलावलं, ही दुसरी. ती कर्नलने सोडून दिली. सोडली ती मुकाट्याने, इशाराही नाही. उरलं काय, तर ४ मधले फ्यूज आणि झेडएफएस 'उघडा' हे दोन नियम. आधीच उघड्या घरात दोन खिडक्या उघडल्या. संच ५ नीट वाचलात तर दिसेल की तिथेही ४ च्या जोडीला १, २, ३ वेगळे लिहिले आहेत. मी ते पुनरुक्ती समजून हसलो होतो.

रूल_डेप्थची किंमत वाढवता येते, पण मी ती वाढवत नाही. दुसऱ्या यंत्रावर तीच फाइल नेली आणि तिथे किंमत १ असली तर पुन्हा तेच. दोन ओळी जास्त लिहिणं स्वस्त पडतं.

ताऱ्याबद्दल एक गोष्ट. सिरियल पोर्टबरोबर .इनिट आणि .लॉक अशा जोडफायली असतात, म्हणून शेवटी तारा आहे. उपकरण फोल्डरमध्ये असेल तर फोल्डर आणि त्यातला माल दोन्ही उघडावे लागतात: 'पीटीएस' ही एक ओळ आणि 'पीटीएस/*' ही दुसरी, जशी सरकारी संच ३ मध्ये आहे तशी. ग्राफिक्स कार्डाच्या डीआरआयला किंवा यूएसबी फोल्डरला हेच लागतं. तारा असलेलं नाव अवतरणात ठेवा, नाहीतर शेल त्याचा अर्थ आपल्या परीने लावेल.

फाइल जतन केल्यावर:

सर्व्हिस डेव्हएफएस रीस्टार्ट

या आज्ञेने फाइलमधले संच कर्नलमध्ये नव्याने चढतात. त्या क्रमांकाचे जुने नियम आधी पुसले जातात. लगेच डेव्हएफएस रूल -एस १० शो करून चारही ओळी आल्या का ते बघा. नावात एका अक्षराची चूक असली तर एखादी ओळ कमी दिसेल.

जेलला संच जोडणं

/ईटीसी/जेल.कॉन्फ मध्ये:

काटा {
पाथ = "/जेल्स/काटा";
माउंट.डेव्हएफएस;
डेव्हएफएस_रूलसेट = १०;
}

बाकीच्या ओळी, म्हणजे आयपी, होस्टनेम वगैरे, तुमच्या तुम्हाला माहीत आहेत. माउंट.डेव्हएफएस लिहिलं आणि संच दिला नाही तर जेलची आज्ञा आपणहून ४ लावते. हा एक शहाणपणाचा अपवाद. पण डेव्हएफएस जर तुम्ही जेलच्या एफएसटॅबमधून (कुठली फाइलप्रणाली कुठे जोडायची त्या यादीतून) जोडत असाल, तर तिथे ही कृपा नाही; ऑप्शनमध्ये रूलसेट=१० स्वतः लिहावं लागतं. जुनी जेलं एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेताना हा एफएसटॅब बरोबर येतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. नुसत्या सीएचरूटसाठीही हीच युक्ती: डेव्हएफएस जोडताना रूलसेट ऑप्शन द्या. सीएचरूटमधला रूट तरीही रोखला जात नाही, पण साध्या युजरच्या नजरेआड गोष्टी राहतात.

क्रमांकाची चूक सगळ्यात वाईट. १० च्या जागी १०० टंकलं गेलं आणि १०० खाली एकही नियम नसला, तर तो रिकामा संच. रिकाम्याचा अर्थ वर सांगितला आहे.

जेलच्या आतून डेव्हएफएस जोडायची मुभा हवी असेल तर अलाउ.माउंट, अलाउ.माउंट.डेव्हएफएस आणि एन्फोर्स_स्टॅटएफएस २ पेक्षा कमी, अशा तिन्ही गोष्टी लागतात. मला आजवर एकदाही लागलेल्या नाहीत. आतून नियम बघता किंवा बदलता मात्र कधीच येत नाहीत, आणि हे बरंच आहे.

मग सर्व्हिस जेल रीस्टार्ट काटा.

बघणं, आतून

होस्टवर बसून 'नियम लावलेत' म्हणणं ही खात्री नाही. जेएलएसला, म्हणजे चालू जेलांची यादी देणाऱ्या आज्ञेला, विचारलं तर ते संचाचा क्रमांक सांगेल, संच पोकळ आहे की भरलेला ते सांगणार नाही. आतूनच बघायचं:

जेएग्झेक काटा एलएस /डेव्ह

यादी एका पानाच्या आत मावली पाहिजे. एडीए, डीए, एनडीए अशी डिस्कची नावं, मेम, केमेम, आयओ, बीपीएफ यांतलं काही दिसलं तर थांबा. मग उलटी चाचणी. जेलमध्ये डीडीने एडीए० मधून एक ब्लॉक वाचून नलमध्ये टाकायचा प्रयत्न करा. उत्तर 'अशी फाइल नाही' असं यायला हवं. 'परवानगी नाही' आलं तरी समाधान मानू नका. त्याचा अर्थ फाइल दिसते आहे, आणि तुम्ही चाचणी रूट म्हणून केलेली नाही.

मी बरोबर असलेली यादी एकदा होस्टवर फाइलमध्ये साठवून ठेवतो आणि क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा सेवक) रोज रात्री ताज्या यादीशी डिफ, म्हणजे तुलना, करून फरक असला तरच मेल पाठवतो. लॉगिन केलेल्या माणसांनुसार पीटीएसखालचे आकडे बदलतात, म्हणून तुलना फक्त वरच्या पातळीची. हा पाच ओळींचा क्रॉन त्या दीड दिवसानंतर लिहिला. ताक फुंकून पिण्यातला प्रकार आहे, पण मेल एकदा आलाच: प्रणाली नव्या आवृत्तीवर नेताना मी /ईटीसीच्या फायली एकत्र करण्यात घाई केली होती आणि माझी नियमांची फाइल रिकामी झाली होती.

काटा दिसतो, पण वाचता येत नाही

इथे बहुतेक जण नियमात मोड ०६६६ घालून मोकळे होतात. गरज नसते. सीयूएयू फाइल मुळात डायलर गटाला वाचता-लिहिता येते आणि त्या गटाचा क्रमांक ६८ आहे. कर्नल नावं ओळखत नाही, आकडे ओळखतं. जेलमध्येही डायलर ६८ च असतो. म्हणून जेलच्या आत ज्या युजरखाली प्रोग्राम चालतो त्याला डायलर गटात घाला, पीडब्ल्यू ग्रुपमॉड डायलर -एम आणि त्याचं नाव, आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करा. परवानगी खरंच बदलायची असली तर नियमात अनहाइडच्या जोडीला मोड, युजर, ग्रुप लिहिता येतं. डेव्हएफएस.कॉन्फ नावाची आणखी एक फाइल आहे. तिचा गोंधळ करू नका. ती यंत्र सुरू होताना हजर असलेल्या उपकरणांपुरती आहे, नंतर खोचलेल्या यूएसबीला ती लागू होत नाही.

गुरुवार

भोसरीत गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, सगळे कारखाने तो दिवस धरूनच चालतात. एका गुरुवारनंतर शुक्रवारी सकाळी फोन आला: काटा मेला. मेला नव्हता. कुणीतरी बारकोड वाचणाऱ्या यंत्राचीही सिरियल केबल लावली होती, यंत्र सुरू होताना ती आधी ओळखली गेली, तिला ० मिळाला आणि काटा १ झाला. माझा नियम ० उघडत होता. म्हणजे काट्याच्या जेलला आता बारकोडवाला दिसत होता.

दोन्ही उपकरणं एकाच जेलची असतील तर सरळ 'सीयूएयू*' उघडा आणि विषय संपवा. नसतील तर आकड्यावर विसंबू नका. होस्टवरचा डेव्हडी हा सेवक उपकरण जोडल्यावर त्याचा यूएसबी अनुक्रमांक सांगतो, सर्नम या नावाने, आणि त्याला मिळालेलं टीटीवायनेमही सांगतो. डेव्हडीमध्ये सर्नम जुळला की ही कृती लिहायची:

डेव्हएफएस -एम /जेल्स/काटा/डेव्ह रूल अप्लाय पाथ सीयूए$टीटीवायनेम अनहाइड

आणि संच १० मधून सीयूएयूची ओळ काढून टाकायची. अप्लायने लावलेला नियम त्या क्षणी असलेल्या फाइलपुरता असतो. संचात जमा होत नाही. केबल काढून लावली की डेव्हडी पुन्हा लावतो, पण नुसतं जेल रीस्टार्ट केलं तर डेव्हडीला काही कळत नाही, तेव्हा तशीच ओळ, $टीटीवायनेमच्या जागी खरं नाव घालून, जेल.कॉन्फमध्ये डेव्हएफएस जोडून झाल्यावर चालणाऱ्या पायरीत घालावी लागते. मी ती एक्झेक.पोस्टस्टार्टमध्ये ठेवली आहे. केबल विकत घेताना एक बघा: सीएच३४० चिप असलेल्या स्वस्त केबलींना बहुधा अनुक्रमांकच नसतो. तपकीर गल्लीत त्या हव्या तितक्या मिळतात, पण दोन सारख्या केबलींमध्ये भेद करायचा तर थोडे पैसे जास्त देऊन एफटीडीआयची घ्या.

इतर मागण्या आल्या तर

'जेलमध्ये टीसीपीडंप चालत नाही, बीपीएफ उघडून द्या' ही मागणी हमखास येते. टीसीपीडंप नेटवर्कवरची पाकिटं दाखवतं, आणि ती त्याला बीपीएफ या उपकरणातून मिळतात. व्हीनेट जेल असेल तर द्या. त्याला स्वतःच्याच नेटवर्कची पाकिटं दिसतील. साधं जेल असेल तर नकार द्या, कारण ते होस्टचं नेटवर्क वापरतं आणि बीपीएफ मिळालं की होस्टच्या कार्डावरची सगळी वाहतूक ऐकता येते. व्हीपीएनला टन हे उपकरण लागतं. आभासी यंत्रं चालवणारं बीहाइव्ह जेलमध्ये चालवायचं तर व्हीएमएम, 'व्हीएमएम/*' आणि 'एनएमडीएम*'. डिस्क मागितली तर मागणाऱ्याला काय हवं ते विचारा. निम्म्या वेळा त्याला एक फोल्डर हवं असतं, आणि ते नलएफएसने, म्हणजे होस्टचं फोल्डर जेलमध्ये जोडून, देता येतं.

लिनक्सवरून आलेल्यांसाठी थोडक्यात. डॉकर कंटेनरला मुळात मोजक्याच फायली देतं, नल, झीरो, फुल, रँडम, यूरँडम, टीटीवाय एवढ्यावर भागतं, आणि तिथे सीग्रूप हा दुसरा पहारेकरी मुख्य आणि उपक्रमांक तपासतो. म्हणून कंटेनरमध्ये कुणी एमकेनॉडने डिस्कची फाइल बनवली तरी उघडता येत नाही. --डिव्हाइस ऑप्शन फाइल आणि परवानगी दोन्ही देतो. --प्रिव्हिलेज्ड मात्र दोन्ही पहारेकऱ्यांना घरी पाठवतो, आणि यूएसबी चालत नाही म्हणून तो लावणारे लोक मी पुण्यात पुष्कळ पाहिले आहेत.

चालू जेलमध्ये बदल

दर वेळी जेल बंद करायला मालक परवानगी देत नाहीत; रवानगी थांबते. फाइल बदलली, सर्व्हिस डेव्हएफएस रीस्टार्ट केलं, की कर्नलमधला संच बदलतो. आधीच जोडलेल्या /डेव्हमधल्या, आधीच असलेल्या फायलींवर मात्र तो आपोआप फिरत नाही. नव्याने येणाऱ्या उपकरणांनाच तो लागू होतो. जुन्यांसाठी:

डेव्हएफएस -एम /जेल्स/काटा/डेव्ह रूल -एस १० अप्लायसेट

-एम विसरलात तर तो होस्टच्या स्वतःच्या /डेव्हवर फिरतो. पहिलाच नियम 'सगळं झाका' असल्यामुळे पुढे काय होईल ते सांगायला नको. असं झालंच तर घाबरून यंत्र बंद करू नका. उघडी शेल तशीच ठेवा आणि डेव्हएफएस रूल अप्लाय पाथ '*' अनहाइड चालवा, त्यानंतर फोल्डरांसाठी '*/*' ने तेच.

आणखी एक. एखादी फाइल झाकली म्हणजे ती नव्याने उघडता येत नाही, एवढंच. ज्या प्रोग्रामने ती आधीच उघडून धरली आहे त्याच्या हातातून ती सुटत नाही. चुकून डिस्क उघडी पडली होती त्या दिवशी मी अप्लायसेट करून निश्चिंत झालो नाही. एफस्टॅटने कोण काय धरून बसलं आहे ते पाहिलं आणि संध्याकाळची शेवटची गाडी सुटल्यावर जेल पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केलं.